आरंभसमयीचे इशारे : लिनक्समधील मर्मसूचनांचे एक परीक्षण

१

संगणक सुरू होत असताना पडद्यावरून ज्या ओळी वेगाने सरकत जातात त्यांचे परीक्षण करावयाचे म्हटले तर तो उद्योग काहीसा विक्षिप्त वाटण्याचा संभव आहे. त्या ओळींना लेखक असतो, पण तो वाचकास ठाऊक नसतो. वाचकही असतो, पण तो त्या सहसा वाचीत नाही. तथापि समीक्षेचा संबंध केवळ ललित कृतींशीच असतो असे मानण्याचे कारण नाही. शासकीय अधिसूचना, औषधाच्या बाटलीवरील मजकूर, रेल्वेच्या फाटकावरील पाटी ही सारी लेखनेच होत. आणि ज्या लेखनावर माणसाच्या हिताहिताचा निर्णय अवलंबून असतो त्याची पारख कवितेच्या पारखेइतकीच काटेकोरपणे व्हावयास हवी. प्रोसेसरमधील सुरक्षाविषयक उणिवांसंबंधी लिनक्स ही प्रणाली आरंभसमयी जे इशारे देते, त्यांचा विचार प्रस्तुत लेखात ह्या दृष्टीने करावयाचा आहे.

नमुन्यादाखल एक ओळ घेऊ. देवनागरीत तिचे लिप्यंतर असे होईल : ‘एमडीएस सीपीयू बग प्रेझेंट अँड एसएमटी ऑन, डेटा लीक पॉसिबल.’ ह्यापुढे अधिक माहितीच्या पानाचा पत्ता असतो. मराठीत सांगावयाचे तर, एमडीएस नावाचा प्रोसेसरचा दोष उपस्थित आहे, एसएमटी चालू आहे, माहितीची गळती संभवते. ह्या विधानात असत्य काहीच नाही. परंतु इशारा सत्य असणे आणि तो पुरेसा असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भिवंडीसारख्या गावी हा भेद किती व्यवहाराचा आहे हे सहज ध्यानात येईल. यंत्रमागाच्या कारखान्यातील हिशेबाच्या खोलीत किंवा एखाद्या वाहतूकदाराच्या कचेरीत जुन्या संगणकावर लिनक्स बसविले आणि पहिल्याच दिवशी ही ओळ दिसली, तर मालकाने काय समजावे? एक तर तो घाबरून चांगले चालणारे यंत्र बाद ठरवील. किंवा, यंत्राचा वेग वाढेल आणि ह्या ओळीही नाहीशा होतील असा सल्ला कोणी दिल्यास, संरक्षणाचे सर्व उपाय बंद करून टाकील. दोन्ही निर्णय चुकीचे ठरण्याचा संभव मोठा आहे, आणि दोहोंचे मूळ त्या ओळीच्या अपुरेपणात आहे असे आमचे मत आहे.

२

इशाऱ्याचे परीक्षण करण्यापूर्वी तो ज्या वस्तूविषयी आहे तिचे स्वरूप जाणून घेणे अगत्याचे आहे. ह्यासाठी भिवंडीतीलच दृष्टांत उपयोगी पडेल. माणकोली, काल्हेर, राहनाळ, पूर्णा ह्या भागांत जी गोदामे आहेत त्यांपैकी एकाची कल्पना करावी. गोदामाचा कारकून अनुभवी आहे. मालाची मागणी आली, पण मुख्य कचेरीचे परवानगीपत्र यावयास वेळ लागत आहे, अशा वेळी तो हात जोडून बसत नाही. आजवर परवानगी मिळतच आली आहे, तेव्हा आजही मिळेल, असा अंदाज बांधून तो कुलपातील वही उघडतो, तीत लिहिलेला क्रमांक वाचतो आणि त्या क्रमांकाचा गठ्ठा हमालाकडून दाराजवळ आणून ठेवतो. पत्र आले आणि परवानगी असली तर वेळ वाचला. नसली तर तो वही मिटतो, मागणी परत करतो आणि जणू काही घडलेच नाही असे मानतो.

परंतु गठ्ठा दाराजवळच राहिलेला असतो. आता बाहेरील एखादा धूर्त मनुष्य उघडपणे मिळणारे सर्व गठ्ठे एकेक करून मागतो आणि प्रत्येकास किती वेळ लागला हे घड्याळावर पाहतो. जो गठ्ठा झटकन हाती येतो, त्याचाच क्रमांक कुलपातील वहीत होता! वहीचे पान त्याने पाहिले नाही, कोणी त्यास ते दाखविलेही नाही. तरी वहीतील गुपित त्यास कळले.

आधुनिक प्रोसेसर नेमके असेच वागतो. स्मृतीतून माहिती येण्यास विलंब लागतो म्हणून तो पुढील आज्ञा अंदाजाने आधीच पार पाडतो, अंदाज चुकला तर निकाल टाकून देतो. मात्र जवळच्या ‘कॅश’ स्मृतीत त्या कामाचा माग उरतो. ३ जानेवारी २०१८ रोजी ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ ह्या नावांनी जी प्रकरणे जाहीर झाली ती ह्या मागावर आधारलेली होती. गूगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’तील यान हॉर्न, ऑस्ट्रियातील ग्रात्स तांत्रिक विद्यापीठातील संशोधक, पॉल कोकर आदींनी ती स्वतंत्रपणे शोधून काढली होती.

एमडीएस हे प्रकरण १४ मे २०१९ रोजी जाहीर झाले. त्याचा दृष्टांत किंचित निराळा आहे. एकाच मेजावर दोन कारकून बसतात, प्रत्येकाची वही वेगळी, पण येत्याजात्या चिठ्ठ्यांचा ट्रे सामाईक, असे समजावे. एकाच्या चिठ्ठीचा तुकडा दुसऱ्याच्या हाती लागू शकतो. प्रोसेसरच्या एका गाभ्याने दोन कामे एकाच वेळी चालविण्याच्या ह्या सोयीस एसएमटी म्हणतात. त्यातील ‘थ्रेड’ ह्या शब्दाचा अर्थ धागा असल्याने विणकरांच्या गावी त्यास ‘जोडधागा’ म्हणण्यास हरकत नसावी. चिठ्ठ्यांच्या गळतीवर उपाय असा की मेजाचा ताबा एकाकडून दुसऱ्याकडे जाताना ट्रे पुसून काढावयाचा. मात्र दोघेही एकाच वेळी बसलेले असतील तर पुसण्याची ती वेळच येत नाही. वर उद्धृत केलेल्या ओळीत दोषाच्या जोडीला एसएमटीचा उल्लेख का येतो, ह्याचे उत्तर येथे आहे.

३

आता त्या ओळीकडे वळू. तिची रचना तीन पदांची आहे : दोष, परिस्थिती, संभाव्य परिणाम. ही रचना पुढे साच्यासारखी वापरली गेली. नोव्हेंबर २०१९ मधील टीएए आणि जून २०२२ मधील ‘एमएमआयओ स्टेल डेटा’ ह्या प्रकरणांचे इशारे केवळ आरंभीचे नाव बदलून ह्याच शब्दांत दिले जातात. साच्याचा लाभ असा की शोध घेणाऱ्यास ओळ चटकन ओळखता येते. हानी अशी की भिन्न प्रसंग एकाच चेहऱ्याने समोर येतात आणि वाचक लवकरच त्या चेहऱ्याकडे पाहीनासा होतो.

ह्याहून महत्त्वाची उणीव म्हणजे ह्या ओळीत एक पद गाळलेले आहे. लिनक्सचे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ही ओळ केव्हा छापते हे पाहिले असता आश्चर्य वाटते. ट्रे पुसण्याचा उपाय योजलेला असेल, अथवा निदान त्याचा प्रयत्न केलेला असेल, आणि तरीही जोडधागा चालू असेल, तेव्हाच ती छापली जाते. म्हणजे हा इशारा ज्याच्या पडद्यावर दिसतो त्याच्या यंत्रात संरक्षणाचे काम बव्हंशी सुरू झालेले असते. ओळीत मात्र त्याचा उल्लेखच नाही. वैद्याने रोग्यास औषध द्यावे आणि नंतर केवळ ‘रोग आहे, धोका संभवतो’ एवढेच सांगून निघून जावे, तसा हा प्रकार आहे.

उलट बाजूही तितकीच उद्बोधक आहे. कोणी आरंभाच्या आज्ञेत ‘मिटिगेशन्स=ऑफ’ असे लिहून सर्व उपाय बंद केले, तर हा विशिष्ट इशारा मुळीच छापला जात नाही. कर्नलच्या लेखकांचा तर्क उघड आहे : ज्याने जाणूनबुजून दार उघडे टाकले आहे त्यास दार उघडे असल्याचे काय सांगावयाचे? हा तर्क प्रशासकापुरता ठीक आहे. पण दुसऱ्याच्या सल्ल्यावरून तो शब्द लिहिणाऱ्या कारखानदारास पडद्यावरची शांतता हीच सुरक्षिततेची खूण वाटेल. अशा रीतीने अधिक सुरक्षित यंत्र तक्रार करते आणि उघडे यंत्र गप्प बसते. यंत्रमागाचा संकेत ह्याहून प्रामाणिक म्हणावा लागेल. बाण्याचा धागा तुटला की माग थांबतो, आणि तो चालू आहे ह्याचा अर्थ धागा शाबूत आहे असा घेता येतो. कर्नलच्या मौनातून असा अर्थ काढता येत नाही, हे प्रत्येक वाचकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

४

दुसरी ओळ ‘रेटब्लीड’ ह्या प्रकरणाची आहे. झुरिक येथील ईटीएच ह्या संस्थेतील योहानेस विक्नर व कावेह रझावी ह्यांनी ते जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. इशारा असा : ‘वॉर्निंग : स्पेक्टर व्ही-टू मिटिगेशन लीव्ह्ज सीपीयू व्हल्नरेबल टू रेटब्लीड अटॅक्स, डेटा लीक्स पॉसिबल!’ २०१८ साली स्पेक्टरच्या दुसऱ्या प्रकारावर ‘रेटपोलिन’ नावाचा उपाय शोधण्यात आला होता. काही प्रोसेसरांवर तो उपाय अपुरा पडतो असे चार वर्षांनी दिसून आले. ही ओळ त्या इतिहासाची नोंद होय.

वाङ्मयदृष्ट्या ही ओळ पहिलीपेक्षा एका बाबतीत सरस आहे. तिच्यात कार्यकारणभाव आहे : अमुक उपाय योजला, तो तमुक हल्ल्यास पुरत नाही. वाचकास यंत्राची स्थिती आणि तिचे कारण दोन्ही कळतात. पण दुसऱ्या बाबतीत ती उणी आहे. पहिल्या ओळीत स्पष्टीकरणाच्या पानाचा पत्ता होता, येथे तो नाही. भीतीची मात्रा वाढविणारे उद्गारचिन्ह आहे, मार्ग दाखविणारी खूण नाही.

ह्या ओळीच्या दर्जाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. कर्नल आपल्या प्रत्येक संदेशास शून्य ते सात ह्यांपैकी एक श्रेणी देते. शून्य ही सर्वांत गंभीर. तिसरी श्रेणी चुकीची, चौथी इशाऱ्याची. आजच्या बहुतेक लिनक्स-वितरणांत आरंभीच्या आज्ञेत ‘क्वाएट’ हा शब्द असतो, आणि त्यामुळे सामान्यतः चौथी व त्यापुढील श्रेणींचे संदेश पडद्यावर येत नाहीत. एमडीएसची ओळ चौथ्या श्रेणीतील असल्याने ती दडते. रेटब्लीडची ओळ स्वतःस ‘वॉर्निंग’ म्हणविते, पण तिला श्रेणी दिली आहे तिसरी. म्हणून ती शांततेचा पडदा फाडून समोर येते. एखाद्याच्या यंत्रात दोन्ही मर्मे असतील तर त्यास एकच दिसेल, आणि जे दिसले तेच अधिक घातक असे तो समजेल. वस्तुतः हा भेद धोक्याच्या तुलनेतून आलेला नसून संदेश लिहिताना कोणती श्रेणी वापरली गेली एवढ्यावरून आलेला आहे.

५

इशाऱ्यांवर एवढी टीका केल्यानंतर त्याच लेखकांच्या एका चांगल्या लेखनाची दखल न घेणे अन्यायाचे होईल. जानेवारी २०१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या कर्नलच्या ४.१५ ह्या आवृत्तीपासून ‘सिस’ नावाच्या वृक्षात, ‘डिव्हायसेस’, ‘सिस्टिम’, ‘सीपीयू’ ह्या शाखांच्या टोकाशी, ‘व्हल्नरेबिलिटीज’ असा एक कप्पा असतो. प्रारंभी त्यात मेल्टडाउन व स्पेक्टरचे दोन प्रकार अशा तीनच नोंदी होत्या. आता त्यांची संख्या बरीच वाढली आहे. प्रत्येक नोंद एका ओळीची असते. यंत्राला तो दोष लागू नसेल तर ‘नॉट अफेक्टेड’, उपाय योजला असेल तर ‘मिटिगेशन’ आणि त्यापुढे उपायाचे नाव, उपाय नसेल तर ‘व्हल्नरेबल’.

एमडीएसच्या नोंदीत कधीकधी असे वाक्य आढळते : ‘व्हल्नरेबल : क्लिअर सीपीयू बफर्स अटेम्प्टेड, नो मायक्रोकोड’. म्हणजे यंत्र उघडे आहे. ट्रे पुसण्याचा प्रयत्न केला. पण पुसण्याचे साधन, अर्थात प्रोसेसरचा नवा मायक्रोकोड, हाती नाही. इतक्या थोड्या शब्दांत स्थिती, प्रयत्न आणि त्रुटीचे कारण ही तिन्ही आली आहेत. कारण कळले की कर्तव्यही कळते : वितरणाचे मायक्रोकोडचे पॅकेज बसविलेले आहे काय ते पाहावे. डेबियनच्या १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, अशी पॅकेजे प्रस्थापनाच्या माध्यमातच समाविष्ट करण्यात आली आहेत. मात्र ज्या प्रोसेसरासाठी निर्मात्याने मायक्रोकोड दिलेलाच नाही त्याचा इलाज नाही. एप्रिल २०१८ मध्ये इंटेलने आपल्या काही जुन्या प्रोसेसर-कुलांसाठी स्पेक्टरवरील मायक्रोकोड काढण्याचे काम सोडून दिल्याचे जाहीर केले होते. जुन्या संगणकांवर काम चालविणाऱ्यांना ही बाब विशेष लागू पडते.

आता एक पद उरते. ते ह्या कप्प्यातही नाही आणि इशाऱ्यातही नाही. गळती कोणाकडे होणार? गोदामाच्या दृष्टांतात बाहेरचा मनुष्य आत येऊन गठ्ठे मागू शकत होता, म्हणून गुपित फुटले. तसेच येथेही हल्लेखोराचा प्रोग्राम त्याच यंत्रावर चालावा लागतो. भाड्याने दिलेल्या एकाच यंत्रावर अनेक अपरिचित ग्राहकांची कामे चालतात तेथे ही अट रोजच पुरी होते. म्हणून तेथे जोडधागा बंद करणे आणि त्यापायी कामाचा काही वेग गमावणे समर्थनीय ठरते. कारखान्याच्या हिशेबाचा एकट्याचा संगणक असेल तर परका प्रोग्राम येण्याची वाट मुख्यतः ब्राउझरची. तेथे ब्राउझरांनी जानेवारी २०१८ मध्येच पानांना मिळणाऱ्या घड्याळाची सूक्ष्मता कमी करून त्या धूर्त मनुष्याचे घड्याळ बोथट केले. अशा ठिकाणी ब्राउझर, कर्नल व मायक्रोकोड अद्ययावत ठेवणे हे जोडधाग्याच्या चिंतेपेक्षा अधिक निकडीचे आहे. एकच ओळ दोन यंत्रांवर दोन भिन्न अर्थ धारण करते, आणि तो अर्थ ठरविण्याचे काम वाचकावर येऊन पडते.

ह्यावर कर्नलच्या बाजूने असे म्हणता येईल की यंत्राभोवती कोण माणसे आहेत हे कर्नलला कसे कळावे? हा आक्षेप रास्त आहे. पण परिस्थिती ठाऊक नसताना ती अटीच्या रूपाने सांगता येते. ‘संभवते’ ह्या क्रियापदास ‘कोणत्या स्थितीत’ हे विशेषण जोडण्यास ज्ञान लागत नाही, केवळ वाचकाची आठवण लागते.

६

शेवटचा मुद्दा परिभाषेचा. ‘व्हल्नरेबिलिटी’ ह्या शब्दास आपल्याकडे ‘असुरक्षितता’, ‘भेद्यता’ असे पर्याय सुचविले जातात. पहिला शब्द अवस्था सांगतो, स्थान सांगत नाही. दुसरा बरोबर असला तरी पुस्तकी आहे. आणि इशाऱ्यातील ‘बग’ हा शब्द तर दिशाभूल करणारा आहे, कारण तो हातून झालेला प्रमाद सुचवितो. अंदाजाने पुढे धावणे हा प्रोसेसरचा प्रमाद नव्हे. तो त्याच्या वेगाचा आधार आहे. जेथे त्याचे बळ आहे तेथेच त्याचा घात आहे. अशा स्थानास आपल्या भाषेत फार जुना शब्द आहे : मर्म. मर्मावर बोट ठेवणे हा वाक्प्रचार सर्वांच्या तोंडी आहे. ह्याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘गूढ’, ‘आतले रहस्य’ असा आहे, आणि येथे जे फुटते तेही रहस्यच होय.

हा शब्द स्वीकारल्यास त्याच्याबरोबर एक विचारपद्धतीही येते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मे सांगितली आहेत. पण सुश्रुत केवळ ‘येथे मर्म आहे’ असे म्हणून थांबत नाही. आघाताच्या परिणामावरून तो त्यांचे पाच वर्ग करतो : सद्यःप्राणहर, कालांतरप्राणहर, विशल्यघ्न, वैकल्यकर आणि रुजाकर. कोणत्या मर्मावरील घाव तत्काळ मारतो, कोणता कालांतराने, कोठील शल्य उपटताच प्राण जातो, कशाने पंगुत्व येते आणि कशाने केवळ वेदना होते, हे कळल्याखेरीज शल्यवैद्याचे पाऊल पुढे पडत नाही. कर्नलचे इशारे मर्माचे नाव सांगतात, वर्ग सांगत नाहीत. त्याचप्रमाणे ‘मिटिगेशन’ ह्यास ‘उपशम’ म्हटले, तर रोगाचा निरास झालेला नसून तो केवळ आटोक्यात आणला आहे हेही आपोआप स्पष्ट होईल.

मराठी वाचकाची अडचण ह्याहून एक पायरी अधिक आहे. ग्नोम, केडीई ह्यांसारख्या कार्यपटलांचे मराठी अनुवाद झालेले आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक ह्या संस्थेने बॉस ही लिनक्सची भारतीय भाषांतील आवृत्ती सिद्ध केली आहे. पण कर्नलचे संदेश ह्या मराठी दालनाच्या बाहेर, उंबरठ्यावरच, इंग्रजीत होऊन जातात. त्यांचे अनुवाद केले जात नाहीत, आणि ह्यास कारणे आहेत. जगभर एकच शब्दरचना असली तर तिचा शोध घेणे सोपे जाते. शिवाय लिनक्सच्या मूळ मजकूर-पडद्यास फार तर ५१२ अक्षराकृती ठाऊक असतात आणि देवनागरीची जोडाक्षरे घडविण्याची त्याची तयारी नसते. ही कारणे मान्य केली तरी परिणाम बदलत नाही : मेनू आणि बटणे मराठीत, आणि ज्यावर निर्णय घ्यावयाचा ती ओळ मात्र परकी.

मूळ ओळ बदलणे आपल्या हाती नाही. तिच्यावर टीप लिहिणे आहे. एमडीएसच्या ओळीवर अशी टीप देता येईल : ‘एमडीएस हे मर्म आहे. पुसण्याचा उपशम योजला आहे किंवा योजण्याचा प्रयत्न झाला आहे. जोडधागा चालू आहे. ह्या यंत्रावर परक्याचा प्रोग्राम चालत असेल तर गळती संभवते. मायक्रोकोड आहे की नाही ते मर्मांच्या कप्प्यात पाहावे.’ पाच वाक्यांत गाळलेली पदे भरून निघतात आणि मूळ विधानास बाध येत नाही.

१९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने पारिभाषिक कोशांचे मोठे कार्य केले आहे. परंतु शब्दाचा प्रतिशब्द देणे आणि वाक्याचा आशय उलगडणे ही कामे भिन्न आहेत, आणि दुसरे काम विद्यापीठीय विभागांच्या आवाक्यातले आहे. मर्मांच्या कप्प्यातील नोंदी संख्येने मोजक्या आहेत, त्यांत येणारी वाक्येही ठरावीक आहेत. पदव्युत्तर वर्गातील दोघातिघांनी संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांबरोबर बसून एकेका वाक्याखाली अर्थ, अट आणि कर्तव्य अशा तीन ओळींची मराठी टीप तयार केली, तर एका सत्रात हे काम पुरे व्हावे. ती पत्रिका भिवंडीतील हिशेबाच्या खोलीत भिंतीवर लावली गेली, तर तेथील मालकास यंत्र बाद ठरविण्यापूर्वी किंवा उपशम बंद करण्यापूर्वी वाचावयास काहीतरी हाताशी असेल.